शाळेचा अंक आणि मुलांचे लेखन-वाचन : छपाईच्या आधीचे काम

प्रश्न : मी तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवते. शाळेच्या अंकाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. आजवर हा अंक वर्षातून एकदा निघतो, त्यात ठरावीक दहा-बारा मुलांचे साहित्य असते आणि तेही बहुतेक शिक्षकांनी सुधारून दिलेले असते. मुलांचे वाचन-लेखन खरोखर सुधारेल अशा रीतीने हा अंक कसा काढता येईल? ज्यांना चार वाक्येही सलग लिहिता येत नाहीत, त्यांना त्यात कसे सामावून घ्यावे? आणि छापण्यापूर्वी मुलांच्या चुका किती दुरुस्त कराव्यात?

उत्तर :

शाळेच्या अंकातून होणारे शिक्षण जवळजवळ सगळे छपाईच्या आधी होते. मूल पहिला खर्डा लिहिते, तो कोणीतरी वाचतो, न समजलेले विचारतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मूल पुन्हा कागदाकडे वळते. या फेऱ्या किती झाल्या आणि त्या मुलाच्या हातून झाल्या की शिक्षकांच्या, एवढ्यावर अंकाचा उपयोग ठरतो. आपल्या वर्णनावरून असे दिसते की आजवर या फेऱ्या शिक्षकच करत आले आहेत. लेखनाचा सरावही अर्थातच त्यांचाच झाला असणार.

हे मी स्वतः चुकून शिकले. माझ्या पहिल्या अंकासाठी एका मुलाने पावसावर लिहून आणलेल्या सहा ओळींचे मी मोठ्या हौसेने एक पान केले. प्रकाशनाच्या दिवशी त्याला तोच लेख वाचायला उभे केले, तेव्हा तो ‘नयनरम्य’ या शब्दापाशी अडला, दुसऱ्यांदा अडला आणि मग माझ्याकडे पाहू लागला. तो शब्द माझा होता. लेखाखाली नाव मात्र त्याचे होते, आणि स्वतःच्या नावाने छापलेला मजकूर त्याला वाचता येत नव्हता. तेव्हापासून मी एक साधी कसोटी पाळते : ज्याच्या नावाने मजकूर छापायचा, त्याला त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत सांगता आला पाहिजे. ज्या शब्दाचा सांगता येत नाही, तो शब्द जातो, मग तो कितीही शोभिवंत असो.

आता मूळ कामाकडे येऊ. वर्गातल्या निबंधाला एकच वाचक असतो आणि त्याला सगळे आधीपासून ठाऊक असते, हे मुलेही ओळखून असतात. त्यामुळे ‘आणखी सविस्तर लिही’ असे आपण सांगितले की मूल आणखी एक विशेषण घालते आणि मोकळे होते. अंकाचा वाचक प्रसंगाच्या वेळी तिथे नव्हता. तो दुसऱ्या वर्गातला आहे, घरी आहे किंवा पुढच्या वर्षी शाळेत येणार आहे. त्याला कळावे म्हणून लिहायचे आहे हे एकदा मुलाच्या मनात बसले, की सविस्तर म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

एक उदाहरण देते. तिसरीतल्या एका मुलीची बातमी अशी होती : ‘आमच्या वर्गात पाल आली. सगळे ओरडले. खूप मजा आली.’ पाच जणांच्या गटात तिने ती वाचून दाखवली आणि ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर एकेक प्रश्न लिहून तिला दिला. पाल कुठून आली? आधी कोण ओरडले? तेव्हा काय चालले होते? शेवटी पाल कुठे गेली? तिने या चिठ्ठ्या समोर ठेवून पुन्हा लिहिले : ‘गणिताच्या तासाला फळ्याच्या मागून पाल निघाली. बाई भागाकार लिहीत होत्या. पाल त्यांच्या हाताजवळ आली तेव्हा सर्वांत आधी बाईच ओरडल्या. मग सगळे ओरडले. पाल परत फळ्यामागे गेली. भागाकार अर्धाच राहिला.’ त्या बाई म्हणजे मीच, आणि बातमीत एक अक्षरही खोटे नव्हते. ‘खूप मजा आली’ हे वाक्य तिने स्वतःहून गाळले. का, असे विचारल्यावर म्हणाली, ‘ते आता वाचूनच कळतं.’ लेखनाबद्दल याहून शहाणे विधान मी प्रशिक्षणवर्गांतही फारसे ऐकलेले नाही.

या गटवाचनाचे दोन नियम मात्र काटेकोर ठेवावे लागतात. ऐकणाऱ्याने ‘छान आहे’ किंवा ‘चुकले आहे’ असे म्हणायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचा; आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे मजकुरात घालायची ते लिहिणाऱ्याने ठरवायचे. दुसरा नियम विसरला तर मूल सगळ्याच प्रश्नांची उत्तरे ओळीने भरत जाते आणि लेखाची प्रश्नोत्तरी होते.

पुनर्लेखनाचा कंटाळा हा खरा अडथळा आहे आणि तो आळसातून आलेला नसतो. आठ वर्षांच्या मुलाचा हात एक पान उतरवताना दुखतो. तेच पान दुसऱ्यांदा उतरवायचे म्हटल्यावर ते शक्य तितके कमी बदल करते. म्हणून पहिला खर्डा एक ओळ सोडून आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहून घ्यावा. भर घालायची असेल तेथे काकपदाची (^) खूण करून वरच्या मोकळ्या ओळीत लिहावे; मुलांना या खुणेचे ‘कावळ्याचा पाय’ हे भाषांतर फार आवडते. वाक्यांचा क्रम बदलायचा असेल तर कात्रीने पट्ट्या कापून दुसऱ्या कागदावर डिंकाने चिकटवाव्यात. वाक्य उचलून वर नेले की अर्थ कसा बदलतो, हे पट्टी हातात धरलेल्या मुलाला चटकन दिसते. सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे हे काम सर्वांत शेवटचे आहे आणि त्याला पुनर्लेखन समजू नये.

यासाठी वर्षातून एकदा निघणारा जाडजूड अंक गैरसोयीचा ठरतो, कारण त्यात शिकलेले वापरून पाहण्याची दुसरी संधी पुढच्या वर्षी येते. त्याऐवजी दर सहा आठवड्यांनी आठ पानांचा अंक काढावा, असे मी सुचवीन. ए-फोर आकाराचे दोन कागद मध्ये दुमडले की आठ पाने होतात. पहिल्या आठवड्यात विषयांची बैठक, दुसऱ्यात माहिती गोळा करणे, मग दोन आठवडे खर्डे आणि गटवाचन, पाचव्यात मुद्रितशोधन आणि मांडणी, सहाव्यात छपाई आणि वाचन. आठवड्याला भाषेचे दोन तास यासाठी पुरतात. शाळेला वार्षिक अंक हवाच असेल, तर या छोट्या अंकांतून निवड करून तो वर्षअखेर आपोआप तयार होतो.

मुलांना ‘काहीही लिहून आणा’ असे सांगितले की चाळीसपैकी तीस कागदांवर कुठूनतरी उतरवलेल्या कविता, सुविचार आणि विनोद येतात. त्याबद्दल मुलांना दोष देता येत नाही. आपण मागितलेच ते. माझ्या वर्गात मजकुराला तीनच दारे आहेत : स्वतः पाहिलेले, स्वतः केलेले आणि स्वतः कोणाला तरी विचारलेले. कल्पित गोष्ट लिहिणाऱ्यासाठी चौथे दार उघडते, पण त्यातही जागा, वस्तू, माणसे ओळखीची असावीत असा आग्रह धरते, कारण ओळखीच्या वस्तूंचे तपशील मुलांकडे असतात आणि राजवाड्याचे नसतात.

लेखनप्रकारांची निवड अंकाच्या सजावटीसाठी न करता त्यातून भाषेचे कोणते काम करून घेता येईल हे पाहून करावी. कृती लिहिताना क्रम आणि आज्ञार्थ लागतो : कागद घ्या, दुमडा, कोपरा आत वळवा. ती कृती दुसऱ्या मुलाने केवळ वाचून करून पाहावी. होडीऐवजी भलतेच काही तयार झाले, तर कोणती पायरी लिहायची राहिली हे शोधायला लेखक आपण न सांगताच बसतो. बातमीत ‘कोण, काय, कधी, कुठे, का, कसे’ हे सहा प्रश्न आणि भूतकाळाचा सलग वापर येतो. शाळेतल्या किती जणांना पोहता येते यासारख्या लहान पाहणीत खुणांचा तक्ता करावा लागतो आणि आकड्यांचे वाक्यात रूपांतर करावे लागते, जे दिसते तितके सोपे नाही. पुस्तकाचा परिचय मात्र मी उशिरा देते, कारण या वयात तो हमखास गोष्टीचा सारांश होतो.

मुलाखतीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आमच्या मुलांनी शाळेची घंटा देणाऱ्या काकांची पहिली मुलाखत घेतली ती दोन मिनिटांत संपली. ‘काका, तुम्हाला हे काम आवडतं का?’ ‘हो.’ ‘घंटा रोज देता का?’ ‘हो.’ वर्गात परत आल्यावर आम्ही फळ्यावर प्रश्नांचे दोन ढीग केले : एका शब्दात उत्तर संपवणारे आणि उत्तर लांबवणारे. दुसऱ्या खेपेला मुलांनी विचारले, ‘काका, घंटा चुकीच्या वेळी झाली असं कधी झालं का? मग काय झालं?’ काका दहा मिनिटे बोलत राहिले आणि मुलांची वही पुरली नाही. त्यानंतर बोलणे लिहून घेण्याचा, महत्त्वाचे तेवढे निवडण्याचा आणि अवतरणचिन्हांचा धडा मी सहज घेऊ शकले, कारण आता त्या चिन्हांना काम होते. आणखी एक गोष्ट येथेच साधली. काकांचे बोलणे अवतरणात जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत ठेवायचे आणि बाकीचे निवेदन प्रमाण भाषेत लिहायचे, असे ठरवल्याने घरची भाषा चुकीची आणि पुस्तकातली बरोबर असा समज वाढला नाही. कोणती कुठे शोभते एवढेच मुलांनी पाहिले.

आता आपला दुसरा प्रश्न. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना बोलता येते, हे धरून चालावे. मुलाने सांगावे, आपण त्याचेच शब्द त्याच्या डोळ्यांसमोर लिहावेत आणि मग त्याने बोट ठेवून ते वाचावेत. स्वतःच उच्चारलेले वाक्य असल्यामुळे त्याला पुढच्या शब्दाचा अंदाज येतो आणि वाचनाचा पहिला धीर त्यातून मिळतो. येथे एकच पथ्य आहे : मुलाचे वाक्य सुधारून लिहायचे नाही. आपण सुधारले की ते वाक्य त्याच्या ओळखीचे राहत नाही आणि ‘नयनरम्य’चा प्रसंग पुन्हा ओढवतो. हेच काम चौथीची मुले पहिली-दुसरीसाठी लेखनिक म्हणून करू शकतात. लहानग्याचे बोलणे कानाने टिपून कागदावर उतरवताना त्यांचा श्रुतलेखनाचा सराव होतो, आणि नेहमीच्या श्रुतलेखनापेक्षा तो बराच जिवंत असतो.

तिसरी-चौथीतल्या अडखळणाऱ्या मुलांसाठी लहान पण संपूर्ण असे प्रकार ठेवावेत. चित्राखालची ओळ, कोडे, तीन वाक्यांची हवामानाची नोंद, ‘हरवले-सापडले’ची सूचना हे सगळे छापण्याजोगे मजकूर आहेत आणि वाचक ते लेखांच्या आधी वाचतात. ज्याला लिहिता येत नाही त्याला चित्र काढायला आणि पाने टाचायला बसवण्याची आपली सवय मात्र मोडली पाहिजे. चित्र काढणाऱ्याने चित्रओळ लिहिलीच पाहिजे. संपादक मंडळही दर अंकाला बदलावे. ‘हुशार’ मुलांचे कायमचे मंडळ नेमले की उरलेल्या वर्गाने अंकातून मनाने अंग काढून घेतलेच म्हणून समजावे.

चुका किती दुरुस्त कराव्यात, या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा’ या प्रश्नात आहे. पहिल्या खर्ड्यावर एकही खूण करू नये. ज्या मुलाला ‘परिस्थिती’ची वेलांटी आठवत नाही, ते लाल शाईच्या भीतीने तो शब्दच टाळते आणि त्याच्याबरोबर त्या शब्दातून येणारा विचारही. आशय पक्का झाल्यावर मुद्रितशोधनाची वेगळी बैठक घ्यावी आणि त्या बैठकीत एका अंकाला एकच नियम मध्यवर्ती ठेवावा. उदाहरणार्थ, मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे : पाटी, जादू, कवी, गुरू. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. एवढा एक नियम हातात घेऊन मुले सगळा अंक तपासतात. पुढच्या अंकाला फूल-फुलाला, मूल-मुलाने, पीठ-पिठात ही जोडी घ्यावी : शेवटून दुसरे अक्षर मुळात दीर्घ, पण प्रत्यय लागताच ऱ्हस्व. वर्षभरात असे पाच-सहा नियम होतात आणि ते टिकतात, कारण प्रत्येक नियम मुलांनी छापल्या जाणाऱ्या मजकुरावर चालवून पाहिलेला असतो.

स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, ही मोठ्यांचीही अडचण आहे. म्हणून मजकूर अदलाबदल करून तपासावा आणि शेवटच्या वाक्यापासून उलट्या क्रमाने, एकेक वाक्य सुटे वाचावे. अर्थाचा ओघ तुटला की डोळे अक्षरांवर थांबतात. जोडीने तपासताना एकाने मूळ खर्डा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट फिरवावे. यात कमकुवत वाचकालाही खरे काम मिळते. एवढे होऊनही राहिलेल्या चुका शिक्षकांनी छपाईपूर्वी नीट कराव्यात, कारण दुसरीतल्या वाचकाच्या समोर चुकीचे रूप छापून जाणे योग्य नाही. पण दुरुस्ती लेखकाला शेजारी बसवून करावी. शब्दरचना मात्र बदलू नये. मुलाचे वाक्य थोडे ओबडधोबड असेल तर असू द्यावे.

मांडणीचा तास चुकवू नये, तो वाचनाचाच तास आहे. लेखाला चौकट ऐंशी शब्दांची आणि मजकूर एकशे वीस शब्दांचा, अशी वेळ आली की मुलांना कोणते वाक्य गेले तरी अर्थ राहतो हे शोधावे लागते. सारांशलेखनाचा इतका प्रामाणिक प्रसंग पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मथळेही प्रत्येकाने तीन लिहावेत आणि लेख न वाचलेल्या मुलाला विचारून त्यातला एक निवडावा. अंकाची कोरी डमी मुलांच्या हातून करून घ्यावी : दोन कागद एकात एक ठेवून दुमडायचे, पानांवर १ ते ८ आकडे घालायचे आणि मग कागद उलगडायचे. १ च्या शेजारी ८ आणि २ च्या शेजारी ७ पाहून वर्गात गोंधळ उडतो. थोड्या वेळाने कोणाच्या तरी लक्षात येते की शेजारच्या पानांची बेरीज दरवेळी ९ येते, आणि मग सोळा पानांच्या अंकात ती किती येईल, हे विचारायचा अवकाश असतो.

हाताने लिहिलेला अंक छायाप्रती काढून वाटला तरी काही बिघडत नाही. संगणक असेल तर त्याचाही भाषेला उपयोग होतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर ‘क्ष’ उमटवायचा तर क, हलन्ताची (अक्षराचा पाय मोडण्याची) कळ आणि ष असे टंकता येते, ‘ज्ञ’साठी ज, हलन्त आणि ञ. जोडाक्षराची फोड फळ्यावर दहा वेळा सांगून जी बसत नाही ती येथे बोटांना कळते. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४च्या सुमारास आपल्या खेडेगावातल्या प्राथमिक शाळेत लहानसे मुद्रणयंत्र आणले होते. मुलांनी लिहिलेल्या मजकुरांतून वर्ग एक निवडत असे, तो सर्वांनी मिळून सुधारला जाई आणि मग मुले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, एकेक करून जुळवत. त्या शाळेची छापील पाने दूरच्या दुसऱ्या शाळेत जात आणि तिकडची इकडे येत, त्यामुळे अनोळखी वाचक हा तिथे कल्पनेतला राहिला नव्हता. आपल्यालाही एखादी जोडशाळा मिळाली तर जरूर पाहावी. बोलून टंकणारी सोय काही शिक्षक वर्ज्य मानतात. मी ती वापरते, कारण तिच्यातून बहुधा विरामचिन्हांविना आलेला परिच्छेद विरामचिन्हांच्या सरावासाठी आयताच मिळतो.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. मुले घरातले भांडण, कोणाचे आजारपण, मित्राची फजिती निरागसपणे लिहून आणतात. ज्याच्याबद्दल मजकूर आहे त्याने तो छपाईपूर्वी वाचून होकार दिला पाहिजे, असा वर्गाचा नियम करावा; नाव आणि छायाचित्र यांसाठी पालकांची संमती आधीच घ्यावी. आणि अंकातल्या मजकुराला गुण देऊ नयेत. प्रगती पाहायची असेल तर प्रत्येक मुलाचा पहिला आणि शेवटचा खर्डा तारखेसह फाइलमध्ये ठेवावा, आणि वर्षाच्या दोन टोकांचे खर्डे शेजारी ठेवून मूल स्वतःहून काय बदलू लागले आहे ते पाहावे. पालकसभेत मी गुणपत्रकाच्या आधी हीच फाइल उघडते.

अंक छापून आला की तो वाटून मोकळे होऊ नये. त्या दिवशी मोठ्या मुलांनी लहान वर्गांत जोडीजोडीने जाऊन तो वाचून दाखवावा आणि दाराशी वाचकांच्या पत्रांसाठी एक खोका ठेवावा. पहिल्या आठवड्यात त्या खोक्यात कौतुकापेक्षा चुका दाखवणाऱ्या चिठ्ठ्याच अधिक पडतात, विशेषतः शिक्षकांच्या हातून सुटलेल्या. पुढच्या अंकातले शुद्धिपत्र त्या चिठ्ठ्यांवरून मुलांनाच लिहू द्यावे. आमच्याकडे आता मांडणीच्या बैठकीत इतर कोणत्याही मजकुराआधी त्याची जागा राखली जाते.